मागच्या कडेची खाच

१. शिंपला हातात घ्यावा. कवच जाड व जड असल्यास २ कडे जावे. पातळ असल्यास ९ कडे.

सून जेवणाच्या टेबलाशी बसून ही ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. ओळ तिच्याच हातची. गोड्या पाण्यातला शिंपला कोणत्या जातीचा हे ओळखायची ही जुनी रीत: एका वेळी एक प्रश्न, दोनच उत्तरं, उत्तराप्रमाणे पुढच्या आकड्यावर उडी, आणि उड्या संपल्या की एक नाव. माणसांच्या बाबतीत अशी सोय असती तर बरं झालं असतं, असं तिला हल्ली वाटे. सासरा जागा असल्यास औषध द्यावे. झोपलेला असल्यास उठवून औषध द्यावे. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी.

"सूनबाई, माझी कुठवर आली?" आतल्या खोलीतून नानांचा आवाज.

"सातवर आहे, नाना."

"अजून सातवर? मी असतो तर एव्हाना नदी उपसून झाली असती."

"तुम्ही होतात तेव्हा चहा आयता हातात यायचा."

"हे मात्र खरं आहे."

नाना नव्वदीला टेकलेले. डोळे जवळजवळ गेलेले, पाय आधीच गेलेले, जीभ तेवढी शाबूत. सगळं आयुष्य त्यांनी नद्यांच्या चिखलात हात घालून काढलं. सून त्यांच्याकडे संग्रहालयात शिकायला आली, शिंपले शिकली, आणि येता जाता त्यांच्या मुलाच्या गळ्यात पडली. की तो तिच्या, यावर घरात अजून एकमत नाही. आता संग्रहालयातली शिंपल्यांची खोली तिच्याकडे होती, पुढच्या वर्षी तीही निवृत्त होणार होती, आणि त्याआधी एक मोठं पुस्तक हातावेगळं करायचं होतं: कोणता शिंपला कोणत्या नदीत, त्याच्या ओळखीसकट, नकाशांसकट. उत्तरेकडच्या नद्यांचं प्रकरण तिच्या वाट्याला आलं होतं. बाकीच्यांची प्रकरणं केव्हाच गेली. संपादकबाईंचा फोन दर सोमवारी यायचा आणि प्रत्येक सोमवारी त्यांचा आवाज आदल्यापेक्षा गोड झालेला असायचा, हे लक्षण काही चांगलं नव्हतं.

नाना ज्याला 'माझी' म्हणत ती जात त्याच प्रकरणात होती. तरुणपणी त्यांनी शोधलेली, त्यांनीच नाव दिलेली. तिचं मूळ वर्णन त्यांना तोंडपाठ होतं आणि सुनेलाही, ऐकून ऐकून:

*कवच जाड, लांबट, शेंडा झिजलेला. मागच्या कडेस अर्धवर्तुळाकार खाच, कडा गुळगुळीत. ही खाच अन्य कोणत्याही जातीत आढळत नाही. ठिकाण: उत्तरेची नदी, दगडी इमारतीखालचे वाळवंट. नग तीन, सर्व रिकामे.*

तीनच नग. नंतर पुन्हा कुणालाच मिळाली नाही. माणसं गेली, वाळू चाळली, हात हलवत परत आली. शेवटी तिच्यासमोर 'नामशेष' असं लिहिलं गेलं. नकाशात त्या नदीवर एक फुली आली, आणि नानांना भाषणं करायला आयुष्यभराचा विषय मिळाला. माणसानं नदीचं काय केलं याचा दाखला म्हणून ते ती फुली दाखवत. दाखवताना कधी कधी त्यांचा आवाज बसे. तो खरोखर बसे. सून पहिल्या रांगेत असायची, तिला माहीत होतं.

•

९. (पातळ कवच. इथे काही नाही. परत जावे.)

•

२. बिजागरीला दात असल्यास ३ कडे. नसल्यास १४ कडे.

शिंपल्याच्या दोन झडपा जिथे एकमेकींना धरून असतात तिथे आतून दात असतात. त्यांच्यावरून जात कळते. निदान निम्म्या वेळा कळते. सुनेचा नवरा दातांचा डॉक्टर, दवाखाना खालच्याच मजल्यावर, त्यामुळे या घरात दातांवरचे विनोद झिजून झिजून शेंडा गेलेल्या शिंपल्यासारखे झाले होते. नाना त्याला डॉक्टर कधीच म्हणत नसत. दातवाला म्हणत.

त्या आठवड्यात संग्रहालयाला रंग लावत होते. रंगाच्या वासानं डोकं उठायचं म्हणून सुनेनं परवानगी काढून ते तीन नग फोटोसाठी घरी आणले होते. टेबलावर कापूस, कापसावर ते तिघे. दातवाला दुपारच्या जेवणाला वर आला आणि हात पुसायच्या आधी त्यानं एक उचलला.

"ठेव खाली. अरे, ठेव. जगात तीनच आहेत."

"जगात माझी बायकोही एकच आहे, ती किती आदळआपट करते." त्यानं शिंपला उजेडाकडे धरला. "ही खाच कशी पडली?"

"पडली नाही. असते. तीच तर ओळख आहे."

"आणि हिची? हिचीही असते?" त्यानं दुसरा उचलला, मग तिसरा. मग खिशातून आपला तोंडात घालायचा छोटा गोल आरसा काढला आणि एकेका खाचेत बसवून पाहिला. तिन्हींत तो सारखा बसला. पापणी मिटावी तसा.

"निसर्ग एकाच मापाचं पातं वापरतो का गं?"

"चावटपणा पुरे. वाढून घे."

"चावटपणा नाही. हाडाचा गोल तुकडा काढायला आमच्याकडे पोकळ नळीचं पातं असतं. तुकडा निघाला की मागे अशीच कड राहते." तो जेवायला बसला आणि वरण भातावर ओतता ओतता म्हणाला, "कुणीतरी पाडलंय हे. मग पाण्यानं घासलं."

सुनेनं भिंग घेतलं. मुळात ते घ्यायचीही गरज नव्हती. शिंपला वाढतो तशा त्याच्यावर रेषा उमटत जातात, झाडाच्या खोडात वळी असतात तशा. खाच जन्मापासूनची असती तर रेषा तिला वळसा घालून गेल्या असत्या. या रेषा सरळ येत होत्या आणि खाचेच्या काठाशी तुटत होत्या. पानाच्या कडेला आलेलं वाक्य फाडावं तशा.

तिनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे सासूबाईंनी काढलेलं चित्र होतं. नानांच्या सगळ्या पुस्तकांतली चित्रं सासूबाईंची, पण चौकट करून लावलेलं हे एकच. त्यात रेषा सुंदर वळल्या होत्या. नानांनी सांगितल्या तशा. पुढच्या सगळ्या लोकांनी शिंपला कशाला बघितला असेल, त्यांनी चित्र बघितलं. तिनंही.

दातवाल्यानं तिची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"आईनं काढलंय ते," तो म्हणाला.

•

दगडी इमारतीत आता धान्याचं गोदाम होतं. सुनेनं नंबर मिळवून फोन लावला. गोदामवाला बोलका निघाला.

"बटणं व्हायची इथं, आजोबांच्या वेळी. शिंपल्याची बटणं. अंगणात कुठंही खणा, भोकं पडलेले शिंपले निघतात. तुम्हाला हवेत का? पोतंभर देतो, घेऊन जा. कुदळीला फार त्रास होतो."

"ते शिंपले या नदीतलेच असायचे का?"

"छे हो. या नदीत कुठले एवढे जाड. दक्षिणेकडून यायचे, गाड्या भरून."

तिनं आभार मानले. फोन ठेवला. आणि तशीच बसून राहिली, चहा निवेपर्यंत.

म्हणजे खाच ही खाच नव्हती, बटणाची उरलेली कड होती. नदी ती नदी नव्हती. शिंपले गाडीनं आले होते. जात जन्मलीच नव्हती, आणि तरी रीतसर मेली होती, तिच्यावर फुली पडली होती, तिच्यासाठी एका माणसाचा आवाज बसला होता.

•

५. सांगावे. — ६ कडे जावे.
५. सांगू नये. — ६ कडेच जावे, पण पाय ओढत.

"सांगू नकोस," दातवाला म्हणाला. खालच्या दवाखान्यात शेवटचा पेशंट गेल्यावर ती खाली येऊन पेशंटच्या खुर्चीत पडली होती. दिवसातली पाठ टेकायची तिची ही एकच जागा. "झाकली मूठ आहे ती. राहू दे झाकलेली."

"पुस्तक छापून जाणार आहे."

"जाऊ दे ना. नामशेष म्हणून तर लिहिलंयस. मेलेल्याला तू काय आणखी मारणार?"

"खोटं आहे ते."

"नाना गेल्यावर खरं लिही. पुढच्या आवृत्तीत."

"पुढची आवृत्ती काढायला मी तरी असेन का?" ती डोळे मिटून म्हणाली. "आणि रद्द केलेल्या जातीखाली रद्द करणाऱ्याचं नाव येतं. बारीक अक्षरात, पण येतं. त्यांच्या नावाखाली माझं. रोज सकाळी त्यांना कुशीवर वळवायचं कुणी? मीच."

"आडनाव एकच आहे. लोकांना वाटेल म्हाताऱ्यानं स्वतःच केलं."

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायच्या आतच दमलं.

खरं तर सोपं काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. काही न करणं. प्रकरण आहे तसं पाठवायचं, संपादकबाईंचा आवाज पुन्हा साधा होऊ द्यायचा, आणि पुढच्या वर्षी खुर्चीत, दुसऱ्या कुठल्या तरी खुर्चीत, बसायचं. पण एकदा दिसलेली रेष न दिसल्यासारखी करता येत नाही. नानांनीच शिकवलं होतं ते, आणि आता तेच आडवं येत होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

•

६. नखं कापताना सांगितलं.

नखं कापताना, कारण तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात असे आणि त्यांना तोंड फिरवता येत नसे. तिनं क्रमानं सांगितलं: आरसा, रेषा, गोदाम, गाड्या. मध्ये थांबली नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आली तेव्हा सांगून झालं होतं.

नानांनी दुसरा हात पुढे केला. त्याचीही नखं तिनं कापली.

"दातवाल्याला म्हणावं," ते शेवटी म्हणाले, "करून दाखव."

रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो. दोघांनी मिळून नानांना खुर्चीसकट जिन्यानं खाली नेलं. प्रत्येक पायरीला नाना "सावकाश" म्हणत होते आणि दातवाला "आम्हालाच सांगताय?" म्हणत होता. त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं. नानांच्या पलंगाखालच्या खोक्यातला एक साधा शिंपला घेतला, दक्षिणेच्या नदीत ढिगानं मिळतो तसला. दातवाल्यानं तो चिमट्यात पकडला, पोकळ पातं लावलं आणि यंत्र सुरू केलं. जळक्या नखासारखा वास खोलीत पसरला. पांढरी भुकटी नानांच्या गुडघ्यावर पडली. गोल तुकडा टक्कन खाली पडला. दातवाल्यानं भोकाच्या बाहेरची बारीक पट्टी तोडली, उरलेली कड घासून घासून गुळगुळीत केली, नदीनं किती वर्षं लावली असतील ते त्यानं यंत्रावर थोड्या वेळात उरकलं, आणि शिंपला नानांच्या हातात दिला.

नानांचा अंगठा कडेवरून फिरला. एकदा, परत एकदा. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. सुनेनं त्यात तीन नगांपैकी एक ठेवला. दोन्ही अंगठे एकाच वेळी फिरत राहिले.

"आणखी एक पाड," ते म्हणाले.

दातवाल्यानं आणखी एक पाडला.

"हं."

वरच्या दिव्याचा उजेड नानांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांवर सरळ पडत होता. सुनेनं तो बाजूला वळवला.

"दात बघ," नाना म्हणाले.

"अं?"

"बिजागरीचे दात, सूनबाई. खाच काढून टाक. आता बाकी काय उरतं ते बघ. रडायला नंतर ये."

"मी नाही रडत."

"मग बघ की."

तिनं बघितलं. पुढचे दोन दात आखूड, तिकोनी, टोकदार. मागचे लांब. हाताखालच्या साध्या शिंपल्याचेही तसेच. आपल्या स्वतःच्या ओळीवरून ती चालत गेली, जाड, दात आहेत, तिकोनी आहेत, आणि तिथेच रस्ता संपला.

"तीनवरच संपतं, नाना. दक्षिणेचा साधा."

"तीनवर." ते हसले की खोकले ते कळलं नाही. "खाचेकडे बघितलं नसतं तर तीनवर घरी आलो असतो. अख्खी हयात गेली. लिही."

"काय?"

"रद्द. कशामुळे ते लिही, बटणाचं लिही, लाजू नकोस. आणि तुझी आद्याक्षरं ठळक घाल. नाहीतर लोकांना वाटेल मीच केलं."

हे त्यांनी तिला मान म्हणून दिलं की स्वतःचे हात झटकले, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही.

वर नेताना ते 'सावकाश' म्हणाले नाहीत. पलंगावर टेकवल्यावर एकदाच बोलले. "भिंतीवरचं चित्र मात्र काढू नका."

"चूक आहे ते, नाना," दातवाला हळूच म्हणाला.

"चूक आहे म्हणून काय झालं? चांगलं आहे."

•

७. (सातव्यावर नाना बोलायचे थांबले.)

फक्त सुनेशी. दातवाल्याच्या हातून औषध घेत, त्याच्याशी हवेबद्दल बोलत. सून खोलीत आली की झोपेचं सोंग घेत, आणि सोंग इतकं वाईट घेत की तिला त्यांची कीव यायची. तिनं कुशीवर वळवलं की अंग लाकडासारखं करत. एकदा तर ती बाहेर जाताना ऐकू येईल अशा बेतानं ते मुलाला म्हणाले, "शिकवावं लागतं रे. न शिकवून सांगायचं कुणाला?" याचा अर्थ काय ते मुलालाही लागला नाही. पण बोचायचं तिथे बोचलं.

ती काम करत राहिली. वर्णन उडवलं. दक्षिणेच्या साध्या शिंपल्याखाली बारीक अक्षरात नानांचं दिलेलं नाव आलं, त्यापुढे तिची आद्याक्षरं. नकाशावरची फुली पुसली. सगळं मिळून एका दुपारचं काम. संपल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. पाठ दुखत होती, एवढंच वाटलं.

•

एका सकाळी ती चादर बदलत असताना नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नकाशा वाच."

ती चादर हातात घेऊनच उभी राहिली.

"ऐकू येत नाही का? नकाशा. उत्तरेकडून."

तिनं वाचला. डोंगरापलीकडची पहिली नदी, तिच्यात काय. दुसरी, तिच्यात काय. तलाव. मग ती थांबली.

"पुढे?"

"उत्तरेची नदी. रिकामी."

"रिकामी म्हणजे?"

"म्हणजे फुली होती ती काढली. आता काहीच नाही."

"बघितलं आणि नाही? की बघितलंच नाही?"

सून पलंगाच्या कडेला बसली. हा प्रश्न तिला सुचायला हवा होता. तिलाच काय, कुणालाही. आजवर त्या नदीवर जे कुणी गेले ते खाचेची जात शोधायला गेले. दगडी इमारतीखालची वाळू चाळली, खाच मिळाली नाही, हळहळून परत आले. वरच्या अंगाला डोह होते, झाडांच्या मुळांखाली चिखल होता, त्यात कुणी हात घातला नव्हता. जी नदी मेली असं सगळ्यांना माहीत असतं, तिच्यात कोण कशाला उतरेल?

"बघितलंच नाही," ती म्हणाली.

"मग रिकामी कशी लिहिलीस?"

"काहीतरी लिहायला हवं, नाना. प्रकरण पाठवायचंय."

"मी एक खोटं लिहिलं, ते तू काढलंस. चांगलं केलंस, मला राग आलाय तो येऊ दे. पण त्या जागी तू दुसरं लिहितेयस." त्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं, म्हणजे ती बसली होती त्याच्या जरा डावीकडे. "त्या नदीत मासे आहेत का?"

"असतील."

"मासे आहेत तिथे शिंपले असू शकतात. पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून हिंडतात, हे मी तुला सांगायला हवं का?"

"गुडघे दुखतात हो माझे."

"माझे दुखत नव्हते?"

"तुमचे तेव्हा तिशीतले होते."

त्यांनी हात चाचपडत पुढे केला, तिचा हात त्यांना सापडला नाही, चादर सापडली. तीच धरून ठेवली.

"जाणार नसशील तर तसं लिही," ते म्हणाले. "पाहिलेली नाही, असं."

"तशी खूण नाही नकाशात."

"मग काय करणार आहेस?"

तिनं त्यांच्या हातातून चादर सोडवली, त्यांना कुशीवर वळवलं. या वेळी अंग सैल होतं. जुनी चादर काढली, नवी घातली, चारी कोपरे खोचले. मग बाहेरच्या खोलीत येऊन फोन लावला.

"बाई," संपादकबाई मधासारख्या आवाजात म्हणाल्या, "मी आत्ता तुमचीच आठवण काढत होते."

"उत्तरेची नदी राहिलीय."

"अहो, ती तर झाली होती ना?"

"झाली होती."

पलीकडे एक लांब श्वास. मग कागद चाळल्याचा आवाज, मग तारखांची घासाघीस, मग नाइलाज. आतून नाना ओरडले, "किती दिले?" आणि सुनेनं फोनवर हात ठेवून सांगितलं, "पाणी उतरेपर्यंत." "पुरे आहेत," आतून उत्तर आलं, जसं काही नदीत त्यांनाच उतरायचं होतं.

दातवाला जेवायला वर आला तेव्हा ती माळ्यावरून काढलेले रबरी बूट घालून बघत होती. एक चढला होता. दुसरा पोटरीशी अडकून बसला होता. पायांना सूज होती आणि बूट तिच्या तिशीतले होते.

तो खाली गुडघ्यांवर बसला, बुटाची कड दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावला.

"दाढ काढणं परवडलं."

"काढायचा नाहीये, घालायचाय."

"या पायानं नदीत उतरणार आहेस तू? कुणी तरुण माणूस पाठव ना."

"तरुण माणसाला पाठवलं तर तो खाच शोधेल. पुस्तकात वाचलंय त्यानं."

"आणि काहीच मिळालं नाही तर?"

"तर रिकामी लिहीन. मग चालेल." तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "ओढ तू."